रांगेचा दर

रुपया न मानणारा माणूस मी उभ्या मुंबईत एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मी लालबागला जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकतो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांचं लोखंड किलोवर उचलून मी वर आलो. कोथिंबिरीच्या जुडीपासून बॉयलरपर्यंत सांगितल्या भावाला मी आजवर काहीही घेतलेलं नाही. अशा माणसाच्या नशिबी असा साडू यावा, हा धक्का मला लग्नानंतर बसला तो अजून उतरलेला नाही.

साडू परळच्या एका गिरणीत टाइम ऑफिसात कारकून होते. शेकडो माणसांची हजेरी ठेवायची सवय. संप झाला, हजेरीला माणसं उरली नाहीत आणि पगारही उरला नाही. दुसरा कोणी गावी निघून गेला असता. हे घोडपदेवच्या खोलीत बसून राहिले आणि त्यांनी चाळीची हजेरी मांडायला घेतली. रुपये कुणाकडेच नव्हते, म्हणून त्या वहीत रुपयांचा रकानाच नाही. रकाने तीन : रांग, डबा आणि खांदा. दुसऱ्याच्या नावावर रेशनला किंवा रॉकेलला उभं राहिलं की एक रांग. दुसऱ्याला एक वेळ जेवू घातलं की एक डबा. मयताला खांदा दिला की तो तिसऱ्या रकान्यात. एका शेजाऱ्याने रांगेच्या बदल्यात दोन रुपये पुढे केले, तर साडूंनी ते त्याच्याच खिशात परत घातले आणि सांगितलं, "हे चलन इकडे चालत नाही." तो बिचारा पुढच्या आठवड्यात यांचा कॅन घेऊन मुकाट्याने उन्हात उभा राहिला.

संप सरला, साडू शिवडीच्या एका गोदामात हिशेब लिहायला लागले, तेव्हा मला वाटलं आता ही वही रद्दीत जाईल. कसली जाते. मुलीला नोकरी लागल्यावर तिने जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि त्यात घरखर्चाचा प्रोग्रॅम घालून दिला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, चलन कोणतं? समोर जगभरच्या नाण्यांची यादी. साडूंनी चष्मा पुसून ती तळापर्यंत वाचली आणि मुलीला म्हणाले, "रांग नाही गो यात." मग त्यांना कळलं की यादीत नसलेलं चलन आपलं आपण घालता येतं. त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले. मी ते खाल्ले आणि बायकोला म्हटलं, तुझे भावोजी गेले कामातून.

प्रोग्रॅम पुढे विचारतो, या चलनाचा लहानात लहान हिस्सा किती? यावर साडू दोन दिवस विचार करत होते. डब्याचा अर्धा होतो, असं त्यांनी ठरवलं, कारण मासळी नसलेलं जेवण त्यांच्या लेखी अर्धंच. रांगेचा अर्धा होत नाही. नंबर यायच्या आधी जो सटकला त्याची रांग झालीच नाही. खांद्याचाही नाही. शिवाय ज्याला दिला त्याच्याकडून तो परत मिळण्याची सोय नाही, म्हणून ते येणं त्यांनी वारसांच्या खात्यावर टाकलं. चाळीतली दोन-तीन तरुण मुलं यांना पाहून रस्ता बदलत.

आता माझं दुखणं सांगतो. संपात मी या माणसाला दोन पोती तांदूळ दिला होता. तेव्हा माझाही धंदा नवीन, पोतं उचलताना माझाही जीव वर-खाली झाला होता. एवढ्या वर्षांत त्यातला एक रुपया परत आला नाही. मी बोललो नाही, पण विसरलोही नाही. त्यांची खोली बिल्डरने घेतली, हातात चार पैसे आले, तेव्हा एका रविवारी सकाळी मी व्याजासकट आकडा काढून त्यांच्या माटुंग्याच्या नव्या घरी गेलो. चाळीस हजार सांगायचे आणि पंचवीसवर यायचं, असं ठरवून.

साडू रागावले नाहीत. "थांब, तुझं खातं उघडतो," म्हणाले. पडद्यावर माझं नाव. तांदूळ दोन पोती, त्याचे त्यांच्या घरात झालेले डबे चारशे. खाली तारीखवार फेड. गणपतीला आम्ही चौघे जेवलो, डबे चार. नारळीपौर्णिमा, डबे चार. मी एकटा वसुलीच्या फेरीत दुपारी टेकलो, डबा एक. शेजारी कंसात "बांगडा". आमच्या मेहुणीबाई मला कधी जेवल्याशिवाय सोडत नसत, तो मी मनातून माझा केवढा मान समजत होतो. तो माझाच तांदूळ होता. चारशेपैकी तीनशे नव्याण्णव फिटले होते. येणे बाकी, डबा एक.

मी अजून सावरत होतो, तोवर त्यांनी दुसरं पान उघडलं. माझ्याकडून त्यांना येणं : रांगा सत्तर.

"मी कधी तुम्हाला रांगेत उभं केलं?" माझा आवाज चढला.

"तुझ्या आईच्या केसपेपरच्या."

आई आजारी होती तेव्हा दर मंगळवारी इस्पितळात केसपेपरला पहाटे उभं राहावं लागे, आणि मी तेव्हा गिरणीच्या फाटकावर लोखंडाच्या लिलावाला. त्यावर मी तोड काढली होती. इस्पितळाबाहेरच्या एका माणसाला दर मंगळवारी पन्नास रुपये ठरवले होते, शंभर मागत होता तो. पैसे बायकोच्या हाती पाठवायचो; ती आईला घेऊन पोचायची तेव्हा नंबर हातात तयार असायचा. त्या सौद्याची गोष्ट मी वर्षानुवर्षं बाजारात सांगत आलो होतो.

"तो पहिल्याच मंगळवारी आला नाही," साडू म्हणाले. "मी योगायोगाने तिथे होतो. मग दर मंगळवारी उभा राहिलो."

घरी येऊन बायकोवर ओरडलो. ती भाजी निवडत म्हणाली, "भावोजींनी सांगू नको म्हटलं होतं. ते पन्नास घरखर्चात गेले. आणि तुम्ही त्या माणसाची एवढी तारीफ करत होता, तुम्हाला कशाला सांगू?"

पण हे नंतरचं. तिथे साडूंसमोर माझी सवय गेली नाही. म्हटलं, रांगेला पन्नास धरा, साडेतीन हजार होतात, आत्ता देतो, विषय संपवा. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. एक रांग बरोबर किती रुपये, असं तिथे विचारलेलं होतं आणि पुढची चौकट मोकळी होती. मी पंचाहत्तर म्हणालो. शंभर म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून भाव चढवत होतो आणि समोरचं बोट त्या मोकळ्या चौकटीवरून हलत नव्हतं.

"रांगेचा दर रांग," ते शेवटी म्हणाले. "तुका घाई नाय. आज जेवून जा, म्हणजे माझ्याकडचा शेवटचा डबाही फिटेल."

मी तिरीमिरीत उठलो आणि जिना उतरलो.

आता साडूंचे गुडघे गेलेत. त्यांच्या औषधांना, बँकेतल्या हयातीच्या दाखल्याला, वीजबिलाच्या तक्रारीला मी उभा राहतो. लोक विचारतात, शेठ, माणूस पाठवायचा ना. मी रांगेत एक पाऊल पुढे सरकतो. सत्तरपैकी एकतीस झाल्या. नंबर यायच्या आधी सटकलो अशी एकही नाही.

काम झालं की कागद द्यायला वर जातो. साडू एक रांग जमा करतात. आतून मेहुणीबाईंचा आवाज येतो, पापलेट तळलंय, पानं घेते. त्यांच्या हातच्या तळलेल्या पापलेटाचा वास जिन्यापर्यंत सोबत येतो.

मी म्हणतो, नको, जेवून आलोय. एक डबा येणे आहे माझा तिथे. तो मी वसूल करणार नाही.