पिशवीतली लघवी

नवजात बाळांच्या वॉर्डातल्या त्या जुन्या नर्सला सगळे नळमावशी म्हणत. तान्ह्या बाळाची लघवी तपासायची तर ती निर्जंतुक बाटलीत झेलावी लागते आणि ते येरागबाळ्याचं काम नाही. डॉक्टर बाटली धरून ताटकळत बसत आणि बाळ शेवटी त्यांच्याच शर्टावर कार्यभाग उरकी. मावशी मात्र आईला बाळाच्या काखांखाली हात घालून त्याला उभं धरायला सांगे, ओटीपोटावर बोटांनी हलकेच टकटक करी, कंबर चोळी, की दोन मिनिटांत धार! बाळाच्या कातडीला प्लास्टिकची पिशवी चिकटवून घेतलेल्या लघवीला ती हिंग लावून विचारत नसे. कातडीवरचे जंतू त्यात उतरतात, हे ती नव्या नर्सना वीस वर्षं बजावत आली होती.

पट्टीचे पोहणारेच बुडतात म्हणतात, ते उगाच नाही. परगावी राहणारी तिची लेक बाळंत झाली, आणि अठराव्या दिवशी नात दूध ओढेना. अंग तापलेलं. तिथल्या छोट्या दवाखान्यात पिशवी चिकटवली, रिपोर्टात पू आणि जंतू निघाले. मोठ्या हॉस्पिटलात आजच न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. लेकीनं घाबरून आईला फोन लावला.

"पिशवीतली ना? मग जंतू निघणारच," मावशी म्हणाली. "उगाच पोरीला सुया टोचून घेऊ नकोस. उद्या मी येते, बाटलीत धरते, मग बघू."

"पण आई, ती दूधच ओढत नाहीये गं."

"तूही अशीच छळायचीस मला. झोप जरा."

ताप आलेलं, दूध न ओढणारं तान्हं बाळ एक तासही घरी ठेवायचं नसतं, हे तिनंच शेकडो आयांना सांगितलं होतं. पण पिशवी हा शब्द कानावर पडला आणि पुढचं तिला ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोचली. नात राखेसारखी फिकट पडली होती. मावशीनं टकटक केली, कंबर चोळली. थेंब आला नाही. हॉस्पिटलात कळलं, जंतू रक्तात गेलेत. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

लेक दोषाचं अवाक्षर बोलली नाही. ते मावशीला सोसवेना. निघताना तिनंच विषय काढला.

"बोल गं मला काहीतरी. शिव्या दे."

लेक दुपट्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "शिव्या कशाला देऊ? तुझा फोन झाला आणि अठरा दिवसांत पहिल्यांदाच मी निवांत झोपले."