कार्बनची गिटार आणि आत्याबाईंचा हात

माझी पहिली गिटार लाकडाची होती आणि माझ्या सासरचा, केनवडचा पहिलाच उन्हाळा तिला मानवला नाही. लग्नानंतर कपाट, भांडी आणि गाद्यांसोबत टेम्पोत बसून ती अकोल्याहून इथं आली होती. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तिचं पोट हळूहळू फुगायला लागलं आणि एका दुपारी तारा धरून ठेवणारी पट्टी फाडकन उखडली. अंगणातून सासूबाई ओरडल्या, "कुकर उडाला काय वं?"

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, सासऱ्यांना मामाजी. दोघं आत आले, गिटारीकडे पाहत उभे राहिले. मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात आत्याबाई म्हणाल्या, "फुगलीच बिचारी."

त्यानंतर बरीच वर्षं घरात गिटार नव्हती. मी गावातल्या शाळेत शिकवत होते, मुलांकडून टेबल वाजवून कविता म्हणून घेत होते, आणि तेवढ्यावर भागत होतं. मग एका राखीला माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला तो पाठीवर काळी पेटी घेऊनच.

"ताई, ही फुगत नाही, तडकत नाही. कार्बन फायबरची आहे."

गिटार काळीभोर होती. नीट पाहिलं की आत चटईसारखी वीण दिसायची आणि तिच्यावर काचेसारखा चकचकीत थर. मामाजींनी बोटानं टकटक करून पाहिलं.

"प्लास्टिक हाय काय?"

"नाही मामाजी, कार्बन," मी म्हणाले.

"कार्बन मंजे कोयसाच ना?"

भाऊ म्हणाला, "म्हणजे... तसं म्हटलं तर हो."

तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव कोयशाची, म्हणजे कोळशाची, गिटार पडलं.

भावानं तिची निगा कशी राखायची ते मला सांगितलं. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्यानं पुसायच्या, नाहीतर घामानं गंजतात. अंग ओलसर मऊ फडक्यानं पुसायचं. फारच चिकट झालं तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब. लाकडाला लावतात तसलं तेल हिला लागत नाही, आणि घासणी तर अजिबात लावायची नाही. आत्याबाई बाजूलाच तूर निवडत बसल्या होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "एवढं तं आमी पोट्ट्याइलेही नाही जपलं."

आत्याबाईंच्या स्वच्छतेबद्दल इथं सांगायलाच हवं. त्यांच्या हातून गेलेलं भांडं आरशासारखं दिसतं. आमच्या घरातल्या स्टीलच्या डब्यांवरची कोरलेली नावं त्यांनी घासून घासून पुसट केली आहेत. कोणता डबा माहेरचा आणि कोणता आहेराचा हे आता फक्त त्यांनाच ठाऊक. मामाजी म्हणतात, "माह्ये केस पिकले नाहीत, हिनं घासून पांढरे केले."

दिवाळीच्या आधी मला प्रशिक्षणासाठी दोन दिवस वाशिमला राहावं लागलं. घरात साफसफाई सुरू होती, सोयाबीन निघालं होतं, घरभर त्याची भुकटी उडाली होती. तिसऱ्या दिवशी घरी आले तर अंगणातल्या खाटेवर गोधड्या, उशा, रिकामे डबे उन्हात घातलेले, आणि त्यांच्या मध्ये माझी गिटार पालथी पडलेली. भोकातून पाणी ठिबकत होतं.

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "तुह्या सासूनं आज त्या बाजालेही न्हाऊ घातलं वं!"

मी गिटार उचलली. आत गुडगुड झालं. सरळ केली तर समोरच्या बाजूवर, उजवा हात टेकतो तिथं, परातीएवढा पांढुरका, धुरकट डाग. काचेसारखा थर तिथून पार गेला होता. राख आणि तारेची घासणी. तारा मात्र नव्या सोन्यासारख्या लखलखत होत्या, कारण त्या पितळेच्या दिसल्या म्हणून त्यांना चिंच लावली होती.

आत्याबाई पदराला हात पुसत आल्या. चेहरा नुसता खुललेला.

"पाय, तारा कशा निंघाल्या! पन हे कायं काही निंघून नाही राह्यलं वं. लय घासलं. निरा आतून मुरलेलं हाय."

"आत्याबाई, ते काळं म्हणजे तिचा रंगच आहे!"

"रंग?"

"कार्बन काळाच असतो. तुम्ही मळ समजून तिचं कातडं काढलंत."

एवढं बोलले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रडले, हे कबूल करायला हरकत नाही. रडता रडता गिटार हलवून तिच्यातलं पाणी बादलीत काढत होते, त्यामुळे रडण्यालाही फार रंग चढला नाही.

त्या दिवशी आम्ही एकमेकींशी बोललो नाही. वाढणं, वाढून घेणं सगळं मुक्यानं. मामाजी मध्ये बसून दोघींसाठी बोलत होते. "वरन घे. हिले वरन पाह्यजे असन. आन् इकडे भाजी पाह्यजे असन." शेवटी त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं. समोरच्या काकू येऊन म्हणाल्या होत्या, की तुझ्या सुनेचा बाजा चुलीतून काढल्यावाणी दिसतो, दिवाळीला पाव्हणे येतील तेव्हा झाकून ठेव. आत्याबाईंना ते लागलं होतं. सुनेची वस्तू कोणी मळकी म्हणावी हे त्यांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारांवर गंज चढला होता. मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. डाग पाहून तो हसायला लागला तो थांबेचना.

"ताई, वरचा पारदर्शक थर घासला गेलाय फक्त. आतली वीण शाबूत आहे. गाडीचे ओरखडे काढतात ना, तसं बारीक पॉलिशनं निघेल. आणि पाण्याची काळजी करू नकोस, हिच्यात वायर-बियर काही नाही. लाकडाची असती तर आज तिचा दहावा घातला असता."

आत्याबाई दाराआडून ऐकत होत्या. पुढे येऊन त्यांनी मोबाइल कानाला लावला. भावाला पडद्यावर नुसता त्यांचा कान दिसत असणार.

"दादा, कुठी भेटते ते पॉलिश?"

रिसोडला आम्ही दोघी मिळूनच गेलो. गिटार पेटीत होती आणि पेटी आत्याबाईंच्या मांडीवर. गाड्यांना रंग आणि पॉलिश करणाऱ्याच्या दुकानात मी पेटी उघडली. त्यानं वाकून पाहिलं.

"कोन्या गाडीची टंकी हाय मॅडम?"

"गिटार आहे."

"असं काय! चमकवून देतो, दोन मिन्टात." त्यानं गोल फिरणारं पॉलिशचं मशीन चालू केलं. त्या घरघरीनं आत्याबाई अशा दचकल्या, की गिटारीवर आडव्याच झाल्या.

"थांब रे बाप्पा! एकडाव झालं तेवढं पुरे. हातानं करतात ते दे."

त्यानं बारीक पॉलिशची डबी दिली, पण त्याला एवढ्या काळ्या चकचकीत जागेचा मोह काही आवरेना. "मॅडम, याच्यावर रेडियममंदी 'आई-बाबांचा आशीर्वाद' टाकून देऊ? भल्लं मस्त दिसन." आत्याबाईंनी क्षणभर खरोखर विचार केला. मी त्यांना हात धरून बाहेर काढलं.

मग रोज दुपारी आमचं काम सुरू झालं. मी तारा काढून टाकल्या. आधी सगळी धूळ ओल्या फडक्यानं पुसायची, कारण एक खडा राहिला तरी नवा ओरखडा. मग मऊ कापडावर वाटाण्याएवढं पॉलिश घ्यायचं आणि हळूहळू, लहान लहान गोल फिरवत राहायचं. माझा हात थोड्याच वेळात दुखून आला. आत्याबाईंनी कापड हिसकावून घेतलं. मनगटात जोर त्यांच्याच.

"हळू, आत्याबाई. जोर नका लावू."

"जोर नाही तं घासनं कायचं?"

"घासायचं नाहीच आहे. लहान बाळाच्या गालाला साय लावता तसं."

त्यांनी हात हलका केला, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यभर जोर लावलेल्या माणसाला जोर न लावणं किती जड जातं ते मी तिथं पाहिलं. मध्येच विसरून त्यांचा खांदा कढई घासायला निघायचा, मी नुसतं "साय" म्हणायचे, की खांदा खाली यायचा. पुढे मामाजीही खाटेवरून "साय! साय!" ओरडायला लागले. एकदा त्यांना पॉलिशचं फडकंच फेकून मारण्यात आलं.

दिवाळीच्या तोंडावर डाग बराचसा गेला. अगदी सगळा नाही. तिरप्या उजेडात अजून एक धुरकट वर्तुळ दिसतं. पण काळा रंग पुन्हा खोल झाला, वीण वर आली, आणि आत्याबाईंना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. त्यात पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "कायीच बरी दिसते वं."

मी नव्या तारा चढवल्या. त्यांना दाखवलं, की एकेक खुंटी कशी पिळायची आणि तार सुरात आली हे मोबाइलवर कसं कळतं. त्यांनी एक तार उत्साहात एवढी पिळली, की ती टण्णकन तुटून मामाजींच्या चहात पडली. मामाजींनी ती काढून बाजूला ठेवली आणि चहा पिऊन टाकला.

पाव्हणे आले तेव्हा समोरच्या काकूही आल्या. मी करंज्या तळत होते म्हणून गिटारीची ओळख आत्याबाईंनीच करून दिली. "कार्बनची हाय. उडत्या इमानाचं सामान ज्याचं बनते त्याची. हात नको लावू बाई, तुह्या हाताले चकलीचं तेल हाय."

मागच्या महिन्यात भजनी मंडळातले एक आजोबा आपली वीणा घेऊन दारात आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की इथली म्हातारी बाजे साफ करते. आत्याबाईंनी वीणा मांडीवर घेतली, बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला.

"हे लाकूड हाय. याले पानी नाही चालत. कोरड्या फडक्यानं पुसा आन् पत्र्याखाली ठेवू नोका, फुगन."

आजोबा चकित झाले. "तुमी हे कुठी शिकल्या?"

"खराब करून," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांना चहा ठेवायला आत आल्या.