लालबागचा गरम टायर
टायरच्या रबराचा वास आला की मला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली एक सकाळ आठवते. थंडीचे दिवस होते. आईला आमच्या छोट्या गाडीतून घाटावर माहेरी न्यायचं होतं आणि गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते. आदल्या दिवशीच्या हरताळामुळे लालबाग अजून सामसूम होतं, जुन्या टायरांचं एकच दुकान उघडं होतं. दुकानदाराने आतल्या अंधारातून चार बरे टायर आणले. आईने एकावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "अहो, हा तापलाय." मीही हात लावून पाहिला. बाकीचे गार होते, हा मात्र नुकताच धावून आल्यासारखा गरम. "उन्हात असेल," वडील म्हणाले. "इथं ऊन येत नाही साहेब," दुकानदार हळूच म्हणाला. "घाटात कोसळलेल्या गाडीचा आहे. नेणारे परत आणून देतात." वडिलांनी तो बाजूला सारून दुसरा घेतला. घाटात एका वळणावर आई अचानक म्हणाली, "इथं हळू." खाली दरीत आमच्यासारखीच एक छोटी गाडी उलटी पडली होती आणि तिच्या एका चाकाला टायर नव्हता. आता तिथे कठडा आहे, तरी मी गाडी हळू घेतो. का, ते मुलांना अजून सांगितलेलं नाही.