चूलबंद आवतण

मष्णू आप्पांचा आवाज चिरेवाडीच्या वेशीपाशी सुटला की आधी कुत्री उठायची, मग म्हातारी माणसं, आणि शेवटी ज्यांना आवतण असायचं ती. हाकेच्या आधी एक खोकला ठरलेला. मग, "घरच्यानूंऽऽ, दुपारच्या जेवणाला चूलबंद आवतण हाय होऽऽ." शेवटचा 'हो' घाटात वळणाऱ्या बससारखा लांबत जायचा आणि खानापूरच्या बाजूच्या झाडीत कुठंतरी विरायचा.

त्यांची लेक रूपाली शाळेत जायच्या आधीच ही हाक हुबेहूब काढायची, खोकल्यासकट. गोठ्यामागं उभी राहून तिनं एकदा अशी हाक दिली की शेजारच्या रुक्माबाईनं खरोखरच चुलीत पाणी ओतलं आणि लुगडं बदलून दारात येऊन उभी राहिली. जेवण कुठंच नव्हतं. रुक्माबाईनं त्या दिवशी काढलेले शब्द गल्लीला आजही पाठ आहेत. आप्पा हात उगारून गोठ्यामागं आले. तिथं काय झालं कुणास ठाऊक, हात खाली आला. ते दावणीच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "परत म्हण गं. 'हो' जरा लांब पडला."

आवतणं दोन जातींची. 'घरटी माणूस' म्हणजे घरामागं एकानं यायचं, बाकीच्यांनी घरीच जेवायचं. 'चूलबंद' म्हणजे त्या घरात चूल पेटवायचीच नाही. म्हातारं, पोर, पाळण्यातलं, आलेला पाहुणा, चुलीवर जेवणारं सगळं घर उचलून यायचं. सांगणाऱ्यानं ह्यात चूक केली तर कुणीतरी उपाशी राहतो किंवा अन्न वाया जातं. म्हणून आवतण सांगायचा मान एकाच घरात असायचा, आणि चिरेवाडीत तो मष्णू आप्पांच्या घरात पणज्यापासून होता. मानाला अट एकच. आवतण खोटं पडता कामा नये. ज्याच्या शब्दावर आलेलं माणूस न जेवता परत गेलं, त्याच्या घरातला मान उठला. वरच्या गल्लीतल्या एका घराचा मान असाच भात सरल्यामुळं गेलता, आणि त्या घराला अजूनही 'रिकाम्या हंड्याचे' म्हणतात.

लहानपणी रूपाली आप्पांच्या मागनं सगळं गाव हिंडायची. प्रत्येक दारात काहीतरी हातावर पडायचं, कुठं शेंगा, कुठं गुळाचा खडा. आप्पा एका दारात उभे राहिले की त्या घरात कोण कोण आहे हे त्यांना विचारावं लागायचं नाही. "सून म्हायेरास्नं आली न्हवं? तिलाबी घेऊन या," असं ते जाता जाता सांगून मोकळे. तिला वाटायचं, आप्पांच्या घशात सगळं गाव बसलंय.

घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. राहिला तो खोकला, आणि त्यामागनं जुन्या कागदाची घडी उलगडावी तशी कुजबुज. ह्या वर्षी लक्ष्मीची यात्रा जवळ आली तेव्हा देवळाच्या कमिटीचे परशराम अण्णा घरी आले. अण्णांचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे कसं' ह्या दारातनंच बाहेर पडतं. चहाची कपबशी खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे कसं मष्णू, मान देवाचा, पण घसा माणसाचा. म्हणजे कसं, तुला ल्योक न्हाय."

रूपाली बेळगावात टिळकवाडीतल्या एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात नोकरीला, नुकतीच स्कूटी लावून आत आलेली. तिनं हेल्मेट न काढताच सांगून टाकलं की मान ती चालवणार. हाकेनं नाही, फोननं. निम्मं गाव उद्यमबागला कामाला जातंय, पोरं गोव्यात हायेत, वेशीवरनं कितीबी वरडलं तरी कुणाला ऐकू जाणार. गावातली घरं आणि घरातली माणसं ती एका ॲपमध्ये घालील, आणि एका बोटानं सगळ्यांना आवतण जाईल.

अण्णांनी हेल्मेटकडं बघितलं, मग आप्पांकडं, आणि अट सांगितली. यात्रेच्या आधी देवळात गाऱ्हाणं घालतात, त्या दिवशीचं जेवण घरटी माणूस असतं. ते आवतण तिनं सांगावं. सुरळीत झालं तर मान ह्याच घरात. खोटं पडलं तर कमिटी दुसरं घर बघणार. त्या संध्याकाळी आप्पांनी आवतणाला जाताना घ्यायची काठी तेल लावून पुसली आणि परत खुंटीला लावली. रूपालीला ते बघवलं नाही.

ॲप तयार झालं आणि पहिल्याच दिवशी अडलं. कमिटीच्या माणसांसमोर तिनं गावाची यादी उघडली तर पडद्यावर नुसतं चाक. अण्णांनी चष्मा पुसून बघितलं. "म्हणजे कसं, चाक तर फिरायलंय," ते म्हणाले, "पण गाडी कुठं जाईना."

चूक दुभाषाशी बोलण्यात होती. डेटाबेसची भाषा वेगळी, प्रोग्रामची वेगळी, म्हणून मधे एक दुभाषा ठेवतात. ऑफिसात त्याला ओआरएम म्हणतात. रूपालीला तो पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला होता. सरकारी कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला माणूस असतो ना, आपलं मराठी ऐकून घेतो, कानडीत अर्ज करतो आणि आत नेऊन देतो, अगदी तसा. आपण म्हणायचं, घरं आण. तो आत जाऊन घरं आणतो, नुसती घरं. मग पहिल्या घरातली माणसं कोण म्हणून विचारलं की 'स्वल्प तडीरी', जरा थांबा म्हणून परत आत. दुसऱ्या घरातली? परत आत. गडी कधी कुरकुरत नाही, त्यामुळं तो किती खेपा घालतोय हे बाहेर कळतच नाही. चिरेवाडीत जेवढी घरं, तेवढ्या खेपा तो घालत होता.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा आशिष शहरातल्या जुन्या वकील घराण्यातला. त्याचं मराठी इस्त्री केलेलं. तो वाकून म्हणाला की अगं, हा तर एन प्लस वनचा प्रश्न आहे, एक खेप घरांसाठी आणि मग प्रत्येक घरामागे आणखी एकेक. रूपालीनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि हसत सुटली. तिला आप्पाच आठवले. म्हणाली, "आरं, मी त्याला घरटी माणूस सांगून बसल्ये. ह्याला चूलबंद सांगाय पायजे."

मग तिनं दुभाषाला आत जायच्या आधीच बजावलं की घरं आणतानाच सगळ्यांची माणसंही घेऊन यायची, घरांची एक खेप, माणसांची एक, बस्स. पहिल्या उत्साहात तिनं माणसांबरोबर त्यांचे सोयरे, सोयऱ्यांची गावं, त्या गावांतली घरं असं सगळंच ओढून आणायला सांगितलं, तेव्हा फोन भाकरीच्या तव्यासारखा तापला. तिनं ते आवरतं घेतलं. सोयऱ्याची चूल वेगळी. चूलबंद म्हणजे ह्या चुलीवर जेवणारी माणसं, तेवढीच. यादी टिचकीसरशी उघडायला लागली. त्या सोयीला प्रोग्राममध्ये एक खटका लागतो, चालू किंवा बंद. रूपालीनं त्याला नाव दिलं 'चूलबंद', आणि खटका चालू केला. आशिषनं शब्दाचा अर्थ विचारून घेतला. "किती सुंदर शब्द आहे," असं तो दोनदा म्हणाला.

मदत म्हणून निरोप धाडायचा भाग आशिषनं लिहिला. त्यात त्याला 'चूलबंद' नावाचा खटका दिसला. त्यानं आपल्या हुशारीनं जोडून टाकलं की खटका चालू असेल तर निरोपात चूलबंद आवतण, बंद असेल तर घरटी माणूस. शब्दाचा अर्थ तर तिनंच सांगितला होता. त्यानं तिला विचारलं नाही, तिनं त्याचं काम उघडून बघितलं नाही. तिचं सगळं लक्ष चाकाकडं. चाक फिरलं नाही, निरोप गेले, ती खूष. त्यांच्या घरचा नंबर आप्पांचा, आणि आप्पांचा फोन नेहमीप्रमाणं गोठ्याच्या खिडकीत, म्हणून घरात कुणी निरोप वाचला नाही. कमिटीला घरटी माणूस आधीच ठाऊक, त्यांनी तो उघडलाच नाही.

गाऱ्हाण्याचा रविवार, देवळाचं आवार. आशिषही जेवायला आलेला, पांढरा शर्ट घालून. घरटी एक ह्या हिशोबानं भात झालेला, आमटीला उकळी आलेली. आणि गल्लीतनं जयाबाई आली. मागं तिच्या दोघी सुना, कडेवर पोरं, शेवटी स्कूटरवर मधे दाबून बसवलेला सासरा. त्यांच्या मागनं दुसरं घर. मग तिसरं. गोव्याहून सुट्टीला आलेली पोरं मित्रांसकट. रूपालीला आधी वाटलं, बघायला आलेत. मग रुक्माबाई आली, सगळ्या घराला घेऊन, आणि फोन पुढं धरला. तिथं लिहिलेलं होतं: चूलबंद आवतण.

"बारकी हुतीस तवा खोट्या हाकेनं माझी चूल इझवलीस," रुक्माबाई म्हणाली. "आता फोननं इझवलीस. आता तरी जेवाय घाल गं."

कुणालाच शंका कशी आली नाही? आली होती. पण मष्णूच्या घरचं आवतण परत विचारायची चिरेवाडीत रीतच नव्हती. रूपालीनं आशिषकडं बघितलं. त्याच्या तोंडावरची इस्त्री पार मोडली होती. एका नजरेत दोघांनाही सगळं कळलं.

अण्णा मात्र कामाला लागले. एका पोराला त्यांनी तांदळाला पिटाळलं. तो घेऊन आला तेव्हा आठवलं, जळण नाही. त्यालाच परत धाडलं. जळण आलं तर हंडा लहान. हंडा आणायला तिसऱ्यांदा. दुसरा पोरगा मीठ घेऊन आला आणि डाळीसाठी परत पळाला. सगळी गल्ली येणाऱ्या-जाणाऱ्यांनी भरली आणि नवी चूल एकही पेटेना. पोरं रडायला लागली. जयाबाईच्या सासऱ्यानं काठी उचलली आणि घराकडं तोंड केलं. तो चार पावलं गेला असता तर पणज्यापासूनचा मान त्याच्या मागनं गेला असता, आणि अण्णांनाही तो थांबवता आला नसता.

रूपाली त्या धावपळीकडं बघत होती. तेच होतं. तोच गडी, त्याच खेपा, स्वल्प तडीरी.

तिच्या मागं आप्पा खोकले. हाकेच्या आधीचा तो खोकला. पुढं काही येणार नव्हतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, तरी माना वळल्या. आणि गोठ्यामागं लागलेल्या सवयीनं पुढची हाक रूपालीच्या घशातनं सुटली.

"घरच्यानूंऽऽ, घराकडं एकच खेप! तांदूळ, डाळ, जळण, ताटं, काय लागंल ते एकदमच घेऊन यायचं होऽऽ!"

तो आवाज आप्पांचा होता. कुत्री उठली. जयाबाईचा सासरा होता तिथंच थांबला. ती हाक ऐकून त्यानं आयुष्यात कधी पाठ दाखवली नव्हती. बायका उठल्या आणि एकेका घराचं सगळं सामान एकेका खेपेत आलं. रुक्माबाईनं तर तांदळाबरोबर लोणच्याची बरणी, पाटा, वरवंटा आणि झोपलेला नातूही आणला. देवळाच्या आवारात तीन-तीन दगडांच्या चुली मांडल्या. आशिषच्या पांढऱ्या शर्टाला राख लागली. त्याला फुंकणी कुठल्या बाजूनं फुंकायची हे जयाबाईच्या धाकट्या सुनेनं दाखवलं आणि नंतर ती बराच वेळ तोंडाला पदर लावून हसत होती.

उन्हं देवळाच्या मागं झुकली तेव्हा पंगत बसली. भात कुठं मऊ, कुठं लागलेला, आमटी चुलीगणिक वेगळी. पण सगळं गाव एका ओळीत बसलं होतं. म्हाताऱ्यांनी आठवून बघितलं की असं गेल्या खेपेला कधी बसलो होतो, आणि एकाचंही उत्तर दुसऱ्याशी जुळेना. गोव्याची पोरं वाढायला उठली. कुणाच्या पानात काय कमी आहे ते आप्पा नुसत्या बोटानं दाखवत हिंडत होते, आणि बोट कुठं चुकत नव्हतं.

शेवटची पंगत उठल्यावर अण्णांनी हात धुतले, उपरण्याला पुसले आणि रूपालीसमोर येऊन उभे राहिले.

"म्हणजे कसं," ते म्हणाले, "आवतण चुकलं. पण खोटं न्हाय पडलं. मान जातोय कुठं." आणि जाता जाता, यात्रेला मात्र फोन करून वर एक हाकही द्यायची, असं बजावून गेले.

रूपाली आप्पांच्या शेजारी देवळाच्या पायरीवर बसली. घसा खरवडून निघाला होता. आप्पांनी आपल्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला, जवळ वाकले, आणि त्या कागदी कुजबुजीत म्हणाले, "'हो' अजूनबी जरा लांब पडतोय गं."