साधु म्हणायला कोण होतं?

आमच्या मौलमेनमध्ये सागवानाच्या वखारी पुष्कळांच्या होत्या, पण रस्तोरस्ती वाटसरूंसाठी पाण्याचे माठ ठेवणारी एकच, मा म्या यी. नवरा लवकर गेला, तिनं धंदा वाढवला आणि मिळालेलं सारं विहिरी, पूल, धर्मशाळा यांत घातलं. एवढी श्रीमंत बाई रोज सकाळी स्वतः माठ घासते, हे मी डोळे विस्फारून बघायची.

लांबूनच हं. आम्ही पगोड्याचे झाडूवाले. कुण्या राजानं आमचे पूर्वज गुलाम म्हणून पगोड्याला वाहिले, तेव्हापासून आमच्या पानात जो जेवला तो आमच्यातलाच झाला, असा रिवाज. इंग्रजांनी आम्हाला कागदावर मोकळं केलं. कागदाशेजारी कोण जेवायला बसतं?

तिचा एकुलता एक मुलगा, मौंग त्वे, ओंडक्यांच्या तराफ्यावरून नदीत पडून बुडाला. माझ्या बापानं उडी मारून प्रेत काठावर आणलं. पुढं मुलाच्या नावानं तिनं विहार बांधला. विहार बांधणारीला गाव 'चाउं-अमा' म्हणतं, विहाराची आई. याहून मोठा मान आमच्याकडे नाही. पण तिला मानाचं काय पडलं होतं? दानाच्या दिवशी पाणी सोडून पुण्य वाटायचं, ऐकणाऱ्यांनी 'साधु', म्हणजे 'भलं झालं', म्हणायचं, मग ते मेलेल्यापर्यंत पोचतं. तिला ते पोराला पोचवायचं होतं.

त्या दिवशी तिनं आम्हालाही जेवायला बोलावलं, गावाच्याच पंगतीत. आम्ही कुंपणाशी थबकलो. वखारवाले ऊ बो हान ताडकन उठले.

"म्या यी, डोकं ठिकाणावर आहे ना? हे बसले की आम्ही उठलो. मग साधु कोणाकडून म्हणवशील, माठांकडून?"

लोक खो खो हसले. तिचा चेहरा पांढरा पडला.

"काका, नदीत त्याच्यापर्यंत यांचे हात पोचले. तुम्ही काठावर उभे होतात. आता यांचा आवाज पोचणार नाही होय?"

ती सरळ आमच्यात येऊन बसली आणि माझ्या आईच्या पानातला भाताचा घास उचलून तिनं तोंडात घातला. झालं! साऱ्या गावादेखत ती आमच्यातली झाली. आजही आठवलं की अंगावर काटा येतो माझ्या.

पंगत रिकामी झाली. दान घेणारे भिक्षू आणि आम्ही, एवढेच राहिलो. तिनं पाणी सोडलं.

"मौंग त्वे, घे रे बाळा."

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. जन्मात कोणी आमच्याकडे साधु मागितलं नव्हतं.

"आपलं पोचेल का हो?" आई कुजबुजली.

"मी उचललाय त्याला. ओळखीचा आहे तो," बाप म्हणाला. "म्हण!"

मग आम्ही असे ओरडलो की पगोड्यावरची कबुतरं उडाली. साधु! साधु! साधु!

गावानं तिला चाउं-अमा कधीच म्हटलं नाही. झाडूवाली म्हणायचे, आणि तिच्याच माठातलं पाणी प्यायचे. आम्ही मात्र अमा म्हणायचो. म्हातारपणीही माठ घासता घासता ती मध्येच थांबायची आणि माझ्या बापाला विचारायची,

"पोचलं असेल ना रे?"

"पोचलं, अमा," तो म्हणायचा, दर वेळी.