डॉक्टरीणबाईची बदली

कचेरीतले संगणक एकदाचे मरावेत म्हणून जी बाई देव पाण्यात घालून बसली होती, तिनेच त्यांना आठ वर्षं मरू दिलं नव्हतं. आता बोला!

जन्ममृत्यू नोंदणीची कचेरी ती. तळमजल्यावर एक लांबट खोली, मध्ये काचेची खिडकी, खिडकीबाहेर माणसांची रांग आणि आत चार टेबलांवर चार संगणक. संगणक आपलं म्हणायचं म्हणून. पडदे मागून पोट सुटलेले, कळफलकावरची अक्षरं पुसून गेलेली, आणि पेटी सुरू केली की आधी घरघर, मग खाकरणं, मग कुठे उजेड. बाई इथे कारकून म्हणून रुजू झाली तेव्हाच ही मंडळी निवृत्तीच्या वयाची होती. एका दाखल्याला अर्धा तास लागायचा. रांगेतला एक बाप कडेवरचं तान्हं सावरत म्हणाला होता, "बाई, दाखला मिळेपर्यंत हा शाळेत जाईल. मग शाळेलाच विचारा याची जन्मतारीख." सगळी रांग खो खो हसली. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आपल्या खिडकीसमोर कुणी ताटकळलं की तिला घास गोड लागत नसे. साहेबांकडे नवे संगणक मागून झाले, साहेबांनी वर कागद पाठवून झाला, वरून 'विचाराधीन' असं उत्तर येऊन झालं. शेवटी तिने कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला गाठलं. त्याने पेटी उघडून आत डोकावलं आणि हात टेकले. "ताई, ह्याच्यात जी प्रणाली कोंबलीय ना, ती ह्याच्या बापाला पेलणार नाही. हलकी टाका." मग त्याने एक सीडी काढून दिली. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट वाटलेली, कुणीही उघडून बघावी, नको ते काढावं, हवं ते जोडावं अशी एक छोटीशी प्रणाली. दाखल्यांचं काम सगळं ब्राउझरमध्येच चालायचं, त्यामुळे तीही अडचण नव्हती. पहिल्या संगणकावर त्याने ती चढवली, बाईने शेजारी उभं राहून वहीत उतरवून घेतलं. उरलेल्या तिघांवर तिने स्वतः चढवली. पुढे दुरुस्तीवाल्याने दुकान आवरलं आणि चारही म्हातारे बाईच्या गळ्यात पडले ते कायमचे.

मग काय विचारता! पेटी उठत नसली की आतली मेमरीची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरने घासायचे, फुंकर मारायची, परत बसवायची. रुपयाएवढा सेल संपला की यंत्राला तारीखच आठवत नाही. एकदा तर कालच जन्मलेल्या मुलीची नोंद तिच्या आईच्या जन्माच्या आधीची झाली होती. तेव्हापासून सेलची चळत बाईच्या खणात असायची. प्रणालीची नवी आवृत्ती आली, ती म्हणाली, हा प्रोसेसर मला चालत नाही. बाई म्हणाली, नको तर नको, आणि जुन्याच आवृत्तीत काटछाट करत बसली. चार महिन्यांत म्हातारे चाळीस सेकंदांत उठायला लागले. दाखला पाच मिनिटांत हातात. शिपाईमामांनी तिला डॉक्टरीणबाई म्हणायला सुरुवात केली आणि ते इतकं रुळलं की खिडकीवर आलेली एक आजी तिला गुडघ्यांवरचं औषध विचारून गेली.

कौतुक झालं, अगदी तोंडभरून झालं. आणि तिथेच घोळ झाला.

बाईचा नवरा आणि लेक राहायचे दुसऱ्या गावी, बसने सात तासांवर. नवऱ्याची नोकरी तिकडची, घर तिकडचं, नणंदही तिकडेच, म्हणून लेकीची आबाळ नव्हती. रुजू होताना बाईला वाटलं होतं, दोन वर्षं काढू आणि बदली मागू. ठकी तेव्हा सहा वर्षांची होती. ठकी हे घरातलं नाव. आता ती चौदाची झाली होती, आईएवढी उंच, आणि अजून दोन वर्षांनी शिकायला बाहेरगावी जाणार होती. महिन्यातून दोनदा बाई जायची. पहिला दिवस लेक लाजण्यात घालवायची, दुसरा दिवस आई पिशवी भरण्यात.

दरवर्षी बाई बदलीचा अर्ज द्यायची. दरवर्षी साहेब चष्मा काढून म्हणायचे, "बाई, तुम्ही गेलात तर ही डबडी चालवायची कुणी? मी?" साहेबांना माऊस उलटा धरायची सवय होती, तेव्हा तो प्रश्नच नव्हता. बाईने बाकीच्या कारकुनांना शिकवून पाहिलं. एकाने सांगितलं, "मला नका हो अडकवू, तुमचं काय झालंय ते बघतोय ना मी." खरं बोलला मेला! तिला राग आला तो त्याने खरं सांगितल्याचा.

या वर्षी मात्र दार जरा किलकिलं झालं. नवऱ्याच्या गावच्या कचेरीत जागा रिकामी झाली आणि साहेबांनी अर्जावर चक्क लिहून दिलं: पर्यायी व्यवस्था होताच कार्यमुक्त करावे. वर तोंडी सांगितलं, "यंत्रांची तपासणी आहे. तपासनीसाने निकामी असा शेरा मारला की नवी यंत्रं येतात, सोबत ती सांभाळायला कंपनीचा माणूस येतो. तो आला की दुसऱ्या दिवशी तुम्ही मोकळ्या. तुम्ही फक्त गप्प बसा. बसवेल ना?"

"न बसवायला काय झालं?" बाई म्हणाली. संध्याकाळी तिने ठकीला फोन करून सांगूनही टाकलं. ठकी म्हणाली, "खरंच? शपथ?" आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिने आपणहून अर्धा तास फोन धरून ठेवला. शाळेतल्या मैत्रिणी, गणिताची बाई, बाबांचा करपलेला भात, सगळं सांगितलं.

खोटं काहीच करायचं नव्हतं. पेटी सुरू केली की पडद्यावर दोन ओळी उमटायच्या. वरची ओळ हलक्या प्रणालीची, खालची जुन्या जड प्रणालीची. ती कचेरीची अधिकृत, म्हणून बाईने कधी पुसली नव्हती. तपासणीच्या सकाळी तिने चारही पेट्यांवर खालची ओळ निवडली आणि हात मांडीवर ठेवून बसली. कचेरीचं यंत्र, कचेरीची प्रणाली, जसं आहे तसं बघा म्हणावं.

तपासनीस अकराला आला. हातात फाईल, चेहरा हसरा, बोलणं तिखट. चारही पेट्या तोवर घरघरत होत्या. दहा मिनिटं झाली, बारा झाली. पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत होतं आणि खिडकीबाहेरची रांग दारापर्यंत गेली होती. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आज डॉक्टरीणबाईच आजारी दिसतात." बाईने दातांवर दात दाबून धरले. आठवत राहिली फक्त ठकीला. आणखी पाच मिनिटं, बस.

तपासनीसाने पेनचं टोपण काढलं. "निकामी," तो मोठ्याने म्हणाला आणि लिहायला वाकला. बाईने श्वास सोडला. तेवढ्यात त्याने मान वर करून साहेबांना विचारलं, "आणि आठ वर्षं हे असंच चाललंय? मग ही बाई इथे करत काय होती? खुर्ची उबवत?"

साहेब टेबलाकडे बघत राहिले. त्यांनाही नवी यंत्रं हवीच होती. शिपाईमामा खोकले.

आठ वर्षं! ठकीला कांजिण्या आल्या तेव्हा ही पंख्याचा गंज काढत होती. ठकीचा हात मोडला तेव्हा ही जळलेल्या पॉवर सप्लायसाठी भंगारवाल्याकडे उकिरडा उपसत होती. ठकीला पहिल्यांदा पाळी आली, ते हिला फोनवर नणंदेकडून कळलं, एका कानाशी फोन आणि दुसऱ्या हातात खोडरबर. आणि हा म्हणतो खुर्ची उबवत! म्हणजे लेकीपासून लांब राहिले ती कशासाठी? हवा खायला?

"एक मिनिट थांबा साहेब," बाई तपासनीसाला म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. तिने बटण दाबून पेटी बंद केली, परत सुरू केली. दोन ओळी उमटल्या. बाईने वरच्या दिशेचा बाण एकदा दाबला.

चाळीस सेकंद. घड्याळ लावून बघा, चाळीस. "पुढे कोण आहे? या. बाळाचं नाव? तारीख?" खटाखटा बोटं चालली, कागद बाहेर. "पुढचे या." दुसरा, तिसरा, चौथा. रांग सरकायला लागली, माणसं हसायला लागली. तपासनीस पेन हातात तसाच धरून वाकून बघत होता. "हे कसं केलंत?" त्याने विचारलं, आणि ते विचारणं खरं होतं. मग काय, बाईने पेटीच उघडली. मेमरीची पट्टी दाखवली, खोडरबर दाखवलं, कुठली सेवा बंद केली, कुठला भार काढला, प्रणाली कुणीही कशी उघडून बदलू शकतं, सगळं सांगितलं. आठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो! चेहरा कसा फुलला होता तिचा. लग्नातसुद्धा एवढी खूश दिसली नसेल.

तपासनीसाने जुना शेरा खोडला, त्याच्यावर दोन ओळी लिहिल्या आणि टोपण लावलं. टक्. तो आवाज झाला तेव्हा कुठे बाईला ठकी आठवली.

तो गेल्यावर साहेबांनी कपाळाला हात लावला. "दहा मिनिटं, बाई. दहा मिनिटं तोंडाला कुलूप लावता आलं नाही?"

बाईने उघडी पेटी बंद करून स्क्रू बसवायला घेतले.

तीन आठवड्यांनी आदेश आला. यंत्रे उत्तम स्थितीत. नवीन खरेदीची आवश्यकता नाही. अन्य अकरा कचेऱ्यांतली निकामी यंत्रे दुरुस्तीसाठी याच कचेरीकडे पाठवावीत. सदर कर्मचाऱ्याचा बदली अर्ज पुढील तीन वर्षे विचारात घेऊ नये. सोबत चौकटीतलं प्रशस्तिपत्र. त्यावर बाईचं नाव चुकीचं होतं, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पेट्यांचा टेम्पो लागला. शिपाईमामा आणि हमाल पेट्या उतरवून बोळात रचत होते, छातीएवढ्या उंच भिंती तयार झाल्या आणि मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट उरली. बाई त्या वाटेत उभी राहून ठकीला फोन लावत होती. नवऱ्याला तिने कालच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "अगं, पोरीला तूच सांग. माझ्याच्याने नाही होणार."

"नाही झालं," बाई म्हणाली. "तीन वर्षं तरी नाही."

ठकी म्हणाली, "बाबा तेव्हाच म्हणाले होते, तुला नुसतं गप्प बसायचंय."

"हो."

"मग?"

"नाही बसले गं मी गप्प. तो तपासनीस म्हणाला, इतकी वर्षं मी काहीच केलं नाही. मला नाही सहन झालं."

ठकी रडली नाही, चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, दोन शब्द ऐकून घेता आले असते. ती बेतशीर आवाजात बोलली, शेजारच्या बाईशी बोलावं तसं. "आई, माझं अर्धं कपाट मी तुझ्या साड्यांसाठी रिकामं केलं होतं. पुस्तकं सगळी जमिनीवर आहेत. आत ठेवू का परत?"

बाईने समोरच्या पेटीवर हात टेकला. धूळ होती, बोटांचे ठसे उमटले.

"ठेव," ती म्हणाली.