रुळावरचा गोठा

माझ्या मायला एसटी सोसत नाही. गावाची वेस सुटत नाही तोच ओकारी. म्हणून कारंज्याकडून येणारी आमची छोटी रेल्वे बंद पडली, तशी चार स्टेशनं पलीकडं राहणारी तिची बहीण तिला दिसेनाशीच झाली. मावशीचे गुडघे गेलेले, ती तरी येणार कशी? दोघी फोनवर बोलतात, तेसुद्धा बांधावरून हाका मारल्यासारख्या मोठ्यानं.

मला ते बघवेना. गाडी सुरू करा म्हणून सह्या गोळा करत मी गावोगाव हिंडलो, वाशीमला निवेदनं नेली, घोषणा देऊन घसा बसवला. घरी पाय ठरत नसे. स्टेशनाजवळच्या रुळापर्यंत जायचं, गवत उपटायचं, परत यायचं. शेजारी म्हणे, "काहून येरझारा मारून राह्यला बापा? गाडी काय तुह्या पायानं येते?"

आणि एका सकाळी रेल्वेचे मोजणीवाले खरंच आले की! फीत धरून निघाले ते आमच्या घरामागं थांबले. तिथं रूळ सरळ आमच्या गोठ्यात शिरत होता. गाडी बंद झाल्यावर साऱ्या गावानं तेच केलेलं. कोणी रुळावर गोवऱ्या थापल्या, कोणी गुरांच्या कुटाराचा ढीग लावला. आम्ही गोठाच उभारला. बैलाचं दावंसुद्धा रुळाला बांधलं होतं.

"हा कोणाचा?" साहेबानं विचारलं.

आणि मी, घोषणा देणाऱ्यांचा म्होरक्या, म्हणालो, "मालूम नाही साहेब."

आजही आठवलं की लाजेनं कान तापतात. मोजणी बघायला आलेला शेजारी तेव्हा खुदकन हसला.

माय शेणानं भरलेल्या हातांनी बाहेर आली. "आमचा हाय. उद्याच मोडतो आमी." मग माझ्याकडं वळली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान! बैलाले कुठंबी जागा भेटते रे. मले बहीण कुठं भेटन?"

दुसऱ्या दिवशी तिनं समोर उभं राहून टिनं उतरवून घेतली, खुंटे उपटायला लावले आणि खराट्यानं रूळ झाडला.

मोजणीवाले पुन्हा फिरकले नाहीत. आता आभाळ भरून येतं, बैल उघड्यावर, आणि माझा जीव टांगणीला. "माय, तात्पुरतं छप्पर टाकू," म्हटलं, तर ती खराटा घेऊन पुन्हा रूळ झाडायला निघाली.

काल मावशीचा फोन आला. "आली काय वं गाडी?"

माय मागच्या दारातून रुळाकडं बघत ओरडली, "नाही वं बाई अजून. पण आमच्याकून रस्ता मोकळा हाय."